बिननावाच्या फ्रेमचा उस्ताद

आमच्या भावोजींना सायकल चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुमचा गैरसमज व्हायचा. लहानपणी एकदा पडले, गुडघा फुटला, तेव्हापासून सायकल हातात धरून चालत न्यायची, एवढाच त्यांचा तिच्याशी संबंध. पण जुनी सायकल कुणी बनवली हे ओळखायचं म्हटलं, की त्यांच्या तोडीचा माणूस सगळ्या शहरात नाही. हे मी नाही म्हणत, ते स्वतःच म्हणतात. दिवसातून दोनदा म्हणतात.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी वजनमाप खात्यात, निरीक्षकाची. दुकानात शिरायचं, तराजूकडे बघायचं, पास किंवा नापास म्हणायचं आणि शिक्का मारायचा. चौतीस वर्षं हेच. माणसाचा स्वभाव यातून जसा व्हायचा तसाच झाला. ताईने दिलेला चहासुद्धा ते पहिल्या घोटाला पास करतात. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शिक्का परत घेतला, पण स्वभाव घ्यायचा राहून गेला, आणि तो आमच्या वाट्याला आला.

जुन्या पोलादी सायकलींचा नाद त्यांना नोकरीतच लागला होता. नाद म्हणजे सायकली जमवायचा नाही, ओळखायचा. भंगारातून कुणीतरी नुसती फ्रेम आणतो. चाकं नाहीत, रंग उडालेला, पुढे कारखान्याचा बिल्ला नाही, खाली नंबर नाही. ही कुणाची? मग भावोजी कपाळाला दिवा बांधतात, भिंग काढतात, अंगठा थुंकीने ओला करून गंज पुसतात (ताई इथे तोंड फिरवते), सीटच्या नळीचं तोंड मोजतात, मागचं चाक बसतं ती खाच बघतात. आणि सगळ्यात शेवटी जोड. नळ्या जिथे एकमेकींना मिळतात तिथे त्यांना कवेत धरणारी पोलादी बाही असते, तिला ते जोड म्हणतात. आतून पितळ वितळवून नळी तिच्यात पक्की करतात. या जोडाची कड कुणी किती घासली, टोक किती लांब काढलं, यावरून करणारा माणूस सांगता येतो, हा भावोजींचा सिद्धान्त. "बिल्ला खोटं बोलेल, नंबर खोटं बोलेल, कानस खोटं बोलत नाही." हे वाक्य माझ्या भाच्यांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

या सिद्धान्तावर त्यांनी 'कारागीर-कोश' लिहिला. चारशे बारा पानं. मला आकडा ठाऊक आहे, कारण माझं टायपिंगचं दुकान आहे आणि तो कोश मी तीन वेळा टाइप केला आहे. बहिणीचा नवरा म्हटल्यावर काय, कोपराला पट्टा बांधायची वेळ आली तरी हसत हसत करायचं. कोशात आठ कारागीर आहेत. एकाचंही नाव भावोजींना ठाऊक नाही, पण आठही जणांची शैली, कालखंड, गुणदोष सगळं आहे. कारखान्यांनी नावं कधी लिहून ठेवली नाहीत, तेव्हा भावोजींनी स्वतःच ठेवली: एक 'गोलकडे', एक 'खाचवाले', एक 'घाईवाले'. आणि सगळ्यांच्या वर 'उस्ताद'.

उस्तादावर भावोजींचा जीव. त्याच्या नऊ फ्रेम सापडल्या होत्या, नवाच्या नऊ बिनबिल्ल्याच्या. जोडाची कड इतकी पातळ, की नख फिरवलं तर अडकत नाही. टोक निमुळतं होत होत नळीत विरून जातं. बिल्ला का नाही? तर उस्ताद मानी होता, कारखान्याच्या मालकाशी त्याचं पटलं नाही, म्हणून त्याने स्वतःची वेगळी कामशाळा काढली आणि नाव मिरवायला नकार दिला. हे सगळं कोशात आहे. उस्तादाचं अकरा पानी चरित्र आहे. त्यात एक वाक्य असं: 'उस्ताद अविवाहित असावा, कारण इतका धीर संसारी माणसाजवळ उरत नाही.' टाइप करताना मला तेव्हाही वाटलं होतं, की भावोजी, हे जरा जास्तच होतंय. पण त्यांना सांगणार कोण? पालथ्या घड्यावर पाणी.

तर यंदा जुन्या सायकलींच्या शौकिनांच्या मंडळाने मोठं प्रदर्शन ठरवलं. त्यातच कोशाचं प्रकाशन. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांना एका गोदामातून एक फ्रेम मिळाली, ती प्रदर्शनात मधोमध ठेवायची होती आणि खाली करणाऱ्याचं नाव लिहिलेलं कार्ड. फ्रेम ओळखायला अर्थात भावोजींकडे आली. रविवारी सकाळी ताईचा फोन: "तू आईला घेऊन जेवायला ये, आणि यांना आवर. माझ्या ओट्यावर सायकल ठेवलीय."

खरंच ठेवली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड चांगला, म्हणून फ्रेम ओट्यावर आडवी. ताई एका कोपऱ्यात पोळ्यांची परात घेऊन धुमसत होती. भावोजींच्या कपाळाला दिवा. मला बघताच म्हणाले, "ये, बघ! दहावी! उस्तादाची दहावी! आयुष्याचं सार्थक झालं."

आई ओट्याशेजारी स्टुलावर बसली आणि मटार सोलायला लागली. आईचं वय ब्याऐंशी. तिला हात रिकामे ठेवता येत नाहीत. भावोजी मला टोक दाखवत होते, मी हो हो म्हणत होतो, तेवढ्यात आईने मटाराचे हात पदराला पुसले, फ्रेमच्या जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ही जिन्यातलीची आहे."

"कोण?" भावोजी म्हणाले.

"जिन्यातली मावशी. आपल्या जुन्या घराच्या जिन्यात बसायची बघ ती, उजेडाला," आई मला म्हणाली. "तिचंच टोक असं लांब. माझं आखूड असायचं. मला कुठला एवढा धीर?"

ताईचं लाटणं थांबलं. मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि पायाखालची फरशी सरकली म्हणतात ना, तसं झालं. कारण मला आठवत होतं. ते मला कायमच आठवत होतं! आई दुपारी भिंतीला टेकून बसायची, गुडघ्यांत लाकडी खुंटी, खुंटीवर लोखंडाचा तुकडा, आणि हातात कानस. खर्र, खर्र, खर्र. आळीतल्या सगळ्या घरांतून तोच आवाज यायचा. शाळेतून आलो की पायाला लोखंडाचा कीस टोचायचा. कारखान्यातून खडबडीत तुकड्यांच्या पेट्या घरी यायच्या, बायका ते घासून परत द्यायच्या. हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी 'कानस खोटं बोलत नाही' हे मी तीन वेळा टाइप केलं, आणि एकदाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो भावोजींचा, पण कळसा माझ्याही काखेत होताच की.

"आई," भावोजी अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले. लहान मुलाशी बोलतात तसं. "तुम्ही तुकडे घासत असाल. पण हा कारागीर आहे."

"असेल बाई," आई म्हणाली आणि पुन्हा मटार सोलू लागली.

मला एकदम राग आला. कुणाचा कुणास ठाऊक. मी भावोजींच्या कपाटातून फोटोंचा गठ्ठा काढला, कोशासाठी काढलेले जोडांचे जवळून घेतलेले फोटो, आणि आईच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "सांग कुणाची कुठली."

आईने भाजी निवडावी तसे फोटो निवडले. हा ढीग या घरातलीचा, हा त्या घरातलीचा. चष्मा लावला नव्हता आणि मागेही बघितलं नाही, जिथे भावोजींनी नावं लिहिली होती. दहा मिनिटांत आठ ढीग झाले. भावोजींचेही आठच होते. फोटोला फोटो जुळला. 'गोलकडे' म्हणजे आमची शेजारीण. 'खाचवाले' म्हणजे तिची नणंद. कोशात 'घाईवाले' यांच्यावर एक खास प्रकरण आहे: उत्तरकाळात त्यांची शैली अचानक मोकळी झाली, एका बाजूची कड त्यांनी जाणूनबुजून सोडली, वगैरे.

"ही मीच," आई म्हणाली. "आणि ही कड राहिली ती तू पोटात होतास म्हणून. वाकताच यायचं नाही मला."

म्हणजे भावोजींच्या कोशातलं शैलीचं ते वळण मी होतो. ताईला हसू आवरेना. परातीत तोंड घालून हसली.

"पण उस्ताद!" भावोजींनी कपाळावरचा दिवा काढला. "उस्तादाच्या फ्रेमवर बिल्ला का नाही मग? सांगा ना!"

"नापास माल तो," आई म्हणाली. "ती फार घासायची. फार पातळ झालं की तपासणीचा माणूस पेटी परत करायचा. म्हणायचा, असला जोड टिकायचा नाही. मग मागच्या गल्लीतले लहान कारखानदार तो नापास माल वजनावर उचलायचे आणि सायकली करायचे. नापास मालावर बिल्ला कोण लावणार?"

पंचावन्न वर्षं टिकलेला तो जोड ओट्यावर पडला होता. शेवटी भावोजींनी अगदी हळू विचारलं, "आई, इतकी वर्षं मी तुमच्यासमोर हे सगळं बोलतोय. तुम्ही एकदाही का नाही सांगितलंत?"

"अहो जावईबापू, तुम्ही सायकलींबद्दल बोलत होतात. आम्ही कुठे सायकली केल्या?"

भावोजी त्या दिवशी जेवले, पण काहीच पास केलं नाही. नंतरचे चार दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी माझ्या दुकानात आले आणि जुना सूर लावला. आईंचं वय झालंय, स्मरणशक्ती दगा देते, फोटो म्हणजे काही प्रत्यक्ष पुरावा नाही. मी म्हटलं, "भावोजी, आठाला आठ जुळले."

"योगायोग."

"बरं, योगायोग."

मग ते खुर्चीत बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. "ती बाई आहे का रे अजून?"

होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला धाकट्या मुलाकडे. आईशी तिचं अधूनमधून फोनवर बोलणं व्हायचं. रविवारी प्रदर्शन, तर शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं निघालो. फ्रेम चादरीत गुंडाळलेली. बसमध्ये भावोजी ती मांडीवर धरून बसले होते. खिशात कार्ड होतं, आधीच छापलेलं: 'निर्मिती: उस्ताद'. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "तुला खरं सांगतो. ती नाही म्हणाली तर बरं होईल. नाही म्हणाली तर कोश जसा आहे तसा छापायचा. हो म्हणाली तर चारशे बारा पानं रद्दी. आणि मी कोण राहिलो मग? तीस वर्षं लोकांना काय सांगितलं मी? पाच बायकांना दाढीमिशा लावल्या."

"आठ," मी म्हटलं.

"आठ. तू मध्ये बोलू नकोस तिथे."

तिसरा मजला. सुनेने दार उघडलं, आत नेलं. खिडकीपाशी पलंग, पलंगावर एक अगदी लहानखुरी म्हातारी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेली. मोजे जोडीने गुंडाळून बाजूला रांगेत लावलेले. मी कुणाचा मुलगा ते सांगितलं. तिला आनंद झाला, आईची तब्येत विचारली, केस लवकर पिकवलेस म्हणाली. सून पाणी आणायला आत गेली.

भावोजींनी चादर सोडली आणि फ्रेम पलंगावर ठेवली. त्यांच्या त्या आवाजात, खात्याच्या आवाजात, विचारलं, "बाई, हे ओळखता का?"

तिने डोळे बारीक केले. हात पुढे केला. अंगठा थेट जोडाच्या कडेवर गेला, कडेवरून टोकाकडे, टोकाच्या अगदी शेवटापर्यंत, आणि तिथे थांबला. मग तिने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. त्यावर दुसरा हात ठेवला.

"माझं नाही," ती म्हणाली.

भावोजींनी सुस्कारा सोडला, तो मला ऐकू आला. खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं. चौथ्यांदा टाइप करायला नको. मी चादर उचलली सुद्धा. पण भावोजी उठले नाहीत. ते तिच्या हातांकडे बघत होते.

"नीट बघा," ते म्हणाले.

"नाही म्हटलं ना साहेब." तिचा आवाज एकदम चढला. "माझी पेटी मी मोजून दिली होती. सगळे तुकडे बरोबर होते. ही दुसऱ्या कुणाची तरी असेल. सगळ्या नापास पेट्या माझ्याच कशा असतील? तुम्ही कारखान्याच्या दारात नाव घेऊन ओरडता, सगळ्या बाया मान वळवून बघतात. घरी जाईपर्यंत मान वर करता येत नाही."

सून पाण्याचे पेले घेऊन दारात उभी राहिली. "आई, अहो, कुठले साहेब? हे पाहुणे आहेत," ती म्हणाली. म्हातारीने ऐकलं नाही. ती भावोजींकडे बघत होती.

मी भावोजींना डोळ्यांनी खूण केली, चला. मिळालं ना हवं ते? ती नाही म्हणाली, दोनदा म्हणाली, साक्षीदार आहे. कोश छापा, हार घ्या, मोकळे व्हा. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मग, जो माणूस लग्नात माझ्या वडिलांसमोरसुद्धा खुर्ची सोडून खाली बसला नव्हता, तो पलंगाशेजारी जमिनीवर बसला.

"बाई," ते म्हणाले, "हे परत आलेलं नाही. हे पास झालंय."

"पास?"

"पास."

"कुणी केलं?"

"मी. तीस वर्षं मी हेच बघतोय. याच्या तोडीचं काम मी दुसरं पाहिलेलं नाही."

"पातळ झालंय ना पण?"

"पातळ आहे म्हणूनच."

तिने वरचा हात बाजूला घेतला, खालचा पुन्हा फ्रेमवर ठेवला, आणि अंगठ्याने ते टोक चोळलं.

"मग माझंच आहे," ती म्हणाली.

भावोजींनी खिशातून ते छापील कार्ड काढलं, उलटं केलं, पेनचं टोपण दातांनी काढलं. "नाव सांगा," ते म्हणाले. "रविवारी मोठं प्रदर्शन आहे. हे मधोमध ठेवायचंय. करणारीचं नाव सगळ्यांसमोर वाचून दाखवायचंय मला."

"नाव घेऊन?" तिने हात आवळला. "दारात?"

"दारात नाही, व्यासपीठावर. पाच-सहाशे माणसं असतील."

"पास म्हणून?"

"पास म्हणून, बाई."

तिने नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं सावकाश सांगितलं, आणि भावोजींनी ते एकेक अक्षर काढून लिहिलं. मग त्यांच्या दंडाला धरून ती म्हणाली, "मग खणखणीत घ्या हं. मागच्या बायांना ऐकू जायला पाहिजे."